रकाना अकरा

निविदा उद्या दुपारी तीनला बंद होते.
चोडणच्या बांधाची, एकशे चाळीस मीटर,
मानशीची दोन दारं बदलून देण्यासकट.
दहा रकाने मी जेवणाआधीच भरले:
चिखल घनमीटरमध्ये, दगड ब्रासमध्ये,
अनामत रक्कम, तिची बँक, तिची मुदत.
अकरावा यंदा नवीन आहे.
सामाजिक मूल्य. गुण दहा. शब्द तीनशे.

नाटेकरबाब फोनवर म्हणाले,
"झाडं लाव गो पन्नास. सगळे झाडंच लावतात."
गेल्या खेपेची झाडं मला आठवतात,
फोटोपुरती उभी होती.
खाऱ्या मातीत काजू कोण लावतं?

मग लिहिलं: टोपल्या उचलणाऱ्या बावीस बाया.
खोडलं. त्या मूल्य नव्हेत, मजुरी आहेत, रकाना सहा.
लिहिलं: बायांसाठी आडोसा, पाण्याची टाकी, संडास.
गेल्या वर्षी प्रेमावतीने
बांधावर पाणी पिणंच सोडलं होतं,
चहूकडे पाणी असताना.
कारण कुणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं.
हे ठेवलं. खर्च बेचाळीस हजार.
दर तेवढा वर गेला.
कमी दराला सत्तर गुण आहेत,
हे नाटेकरबाबांनी मला दोनदा सांगितलंय.

रात्री साडेअकरा.
संगणक माझं 'मानस' दर वेळी 'माणूस' करतो.
'जुना माणूस काढून नवा बसवणे.'
'माणसाची फळी सागवानी, जाडी तीन इंच.'
हसत हसत सुधारलं, जिथे जिथे दिसलं तिथे.

पण मानस म्हटली की इनास आलाच.
त्र्याहत्तर वर्षांचा. भरतीच्या वेळी फळीला कान लावतो
आणि सांगतो, पाणी कुठल्या सांध्यातून चोरून शिरतंय.
खेकड्याचं भोक वेगळं बोलतं, म्हणतो,
कुजलेलं लाकूड वेगळं.
त्याचा बाप ऐकायचा. मुलगा जहाजावर आहे.
मी लिहिलं: गावातलीच दोन मुलं, इनासच्या हाताखाली,
पगारी, दोन उन्हाळे.
रकाना म्हणतो: प्रशिक्षकाच्या पात्रतेचा पुरावा जोडा.

सकाळची फेरी. पाववाल्याची सायकल, दोन गाड्या, मी,
मांडीवर लॅपटॉप, त्यावर पदर.
पंचायतीने लिहून दिलं, शिक्क्यासह:
"सदर इसम पाणी ऐकतो, हे आम्हांस माहीत आहे."
सचिव सही करताना हसला नाही.
एका साली खारं पाणी त्याच्याच शेतात घुसलं होतं.

इनास बांधावर बसलेला. ओहोटी होती,
ऐकण्यासारखं काही नव्हतं.
दोन पोरांना शिकवशील? मी विचारलं.
"शिकवायचं काय त्यात? गप्प बसायचं.
पण गप्प बसण्याचे पैसे कोण देतो?"
सरकार, मी म्हटलं. म्हणजे, काम आम्हाला मिळालं तर.
"आणि नाही मिळालं?"
माझ्याकडे तीनशे शब्द होते, त्यातला एकही कामाचा नव्हता.
त्याने पायातला चिखल काठीने खरवडला.
"तरी पोरांना पाठव," म्हणाला.
"पण लवकर. पुढच्या भरतीला माझा डावा कान असेलच असं नाही."

दोन वाजून बावन्न मिनिटं.
फाइल दोन एमबीत मावत नाही.
इनासचा फोटो लहान केला, आणखी लहान.
चेहरा राहिला, मागच्या मांडवीचे नुसते चौकोन झाले.
चढवली.
पोच आली, चौदा आकडी क्रमांकासह.

आता निवांत वाचते तेव्हा दिसतं,
पान सतरा, ओळ नऊ:
'दर भरतीआधी माणूस तपासून घेणे.'
मुदत संपली आहे.
बदल करता येत नाही.